बाबांच्या कुलूपबंद बॅगेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून ४७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे वडील वारले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी, शिस्तीचे. तेराव्याला दोन अनोळखी वयस्क गृहस्थ आले, आईसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ते आमचे बंधू होते. काहीही लागलं तर एक फोन करा." आईनं विचारलं, "तुम्ही कुठले?" ते क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, मग एकजण हळूच म्हणाला, "लॉजचे."

पुढे कपाटावरची चामड्याची बॅग उघडली. तिची किल्ली बाबांच्या जानव्याला असायची. आत पांढरा, निळ्या काठाचा एक ॲप्रन, पांढरे हातमोजे आणि एक छोटं छापील पुस्तक, ज्यात निम्म्या शब्दांची फक्त पहिली अक्षरं आणि पुढे टिंबं. बाबांच्या डायऱ्यांमध्ये दर महिन्याच्या एका शनिवारी "लॉज, ६.३०" अशी नोंद, आणि गेली सहा वर्षं दर महिन्याला आणखी एक: "म. – ३०००". घरी ते "क्लबची मीटिंग" म्हणून जात. आई आता एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते: "एकतीस वर्षं ह्यांचा काळा कोट मी इस्त्री करून ठेवला. कुठे घालून जातात ते मला ठाऊक नव्हतं."

ताई विचारतात: हे पुस्तक वाचावं का? "म." ची नोंद आईनं अजून पाहिलेली नाही, ती दाखवावी का? त्या दोघांपैकी एकानं माझ्या २४ वर्षांच्या मुलाला "आजोबांच्या जागी ये" म्हटलंय, त्याला जाऊ द्यावं का? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, तिथे चांगलंच शिकवत असतील, तर लपवायचं कशाला?

---

ताई,

तुमच्या आईंचं ते कोटाचं वाक्य मी वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. दोन दिवस उत्तराला हात घालता आला नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगते, पुढे मी त्या संस्थेबद्दल बरंच लिहिणार आहे, काही चांगलंही लिहिणार आहे, पण त्यातल्या कशानंही तुमच्या आईंचं दुःख खोटं ठरत नाही.

आधी त्या शब्दाचं बघू. आपल्याकडे "लॉज" म्हटलं की एसटी स्टँडसमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. नवऱ्याच्या डायरीत दर महिन्याला हा शब्द दिसल्यावर एका बाईच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळतं. ते आधी आईंच्या मनातून काढा. तुम्ही वर्णन केलेला ॲप्रन, मोजे, पुस्तक, काळा कोट, सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. तुमचे बाबा फ्रीमेसन होते. मेसन म्हणजे गवंडी. या मंडळींच्या शाखेला लॉज म्हणतात, आणि ते एकमेकांना बंधू म्हणतात.

ही चोरून चाललेली टोळी नाही. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मुख्य संस्था, स्थापन केली, तिथून या मंडळींचा संघटित इतिहास सुरू होतो. पुढच्या तेरा-चौदा वर्षांत ही मंडळी ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर कलकत्त्याला पोचली. मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन्स हॉलची इमारत रस्त्यावरून दिसते, पाटीसकट. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ ला झाली. दादाभाई नौरोजी मेसन होते, फिरोजशहा मेहता मेसन होते, पारशी विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा मेसन होते. माझं बालपण एका कॅम्पाच्या गावात गेलं. तिथल्या लॉजच्या इमारतीला आम्ही मुलं भूतबंगला म्हणायचो आणि तिच्या कुंपणाजवळून पळत जायचो. मोठी माणसंही तिला जादूघर म्हणत. बंद खिडक्यांच्या घराला लोक भुतं बहाल करतातच, आणि आतली माणसं काही सांगत नाहीत म्हटल्यावर तर विचारूच नका.

आता त्या ॲप्रनकडे नीट बघा. पांढरं कोकराचं कातडं, भोवती आकाशी निळी कड, दोन बाजूंना लोंबणाऱ्या बारीक साखळ्या, तीन गोंडेवजा फुलं, असं असेल तर तुमचे बाबा तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेले, म्हणजे "मास्टर मेसन" होते. नवख्याला मिळतो तो कोरा पांढरा. ॲप्रन गवंड्याचा, आणि शिकवणही गवंड्याच्या हत्यारांवरूनच दिलेली. ओळंबा म्हणजे माणसानं सरळ उभं राहावं. पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात, कंपास म्हणजे वासनांना रिंगण. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यातले काही प्रार्थनेला, काही कामाला, काही अडल्यानडलेल्याच्या मदतीला. संयम, धैर्य, विवेक, न्याय हे चार गुण, आणि बंधुभाव, मदत, सत्य ही तीन तत्त्वं. ईश्वराला मानणं ही अट, पण कुठल्या ते विचारत नाहीत. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ज्याचा जो ग्रंथ त्यावर हात ठेवून तो शपथ घेतो. बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा दंडक आहे.

यातलं काहीही आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला शिकवलं नाही असं नाही. मग विधी कशाला? एक प्रसंग सांगते, तो जाहीर आहे आणि अनेकदा छापून आलेला आहे. पहिल्या दिवशी नवख्या माणसाच्या अंगावरून पैसे, अंगठी, घड्याळ, जे काही मौल्यवान असेल ते काढून ठेवतात. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत नेतात. शपथ होते, पट्टी सुटते, आणि थोड्या वेळानं एका कोपऱ्यात उभं करून त्याला सगळ्यांसमोर विचारतात, गरजूंसाठी काही द्याल का? तो खिसे चाचपतो. खिशात काहीच नसतं. सगळे बघत असतात. मग त्याला सांगतात, हा क्षण लक्षात ठेव. उद्या कुणी तुझ्यासमोर असाच रिकाम्या हातांनी उभा राहिला, तर त्याची नड तुला आठवावी. "दान करा" हे वाक्य आपण हजारदा ऐकतो आणि विसरतो. भरल्या सभेत रिकामा खिसा चाचपलेला माणूस ते सहजी विसरत नसावा. आणि आधीपासून माहीत असतं, तर त्यानं मुठीत दहाची नोट लपवून नेली असती. गुप्ततेचा एक उपयोग हा असा आहे. ती धडा ताजा ठेवते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे आधी येते. "चांगलं असेल तर लपवायचं कशाला" हे गृहीत मला पटत नाही. आपल्याच मुंबईतली गोष्ट घ्या. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा हा हेतू. सभेत येणाऱ्यानं ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज यात कुणाला काही वाटणार नाही, तेव्हा एवढ्यावरून घरच्यांनी वाळीत टाकलं असतं. म्हणून सगळं दारं लावून. या माणसांनी जे झाकून ठेवलं ते पाप नव्हतं, त्यांच्या काळाच्या पुढचं पुण्य होतं.

पण त्याच सभेचं पुढे काय झालं तेही पाहा. १८६० च्या सुमारास सभेचे कागद आणि सभासदांची यादी चोरीला गेली. नावं फुटणार म्हटल्यावर धाबं दणाणलं आणि सभाच मोडली. अकरा वर्षं बंद दाराआड पाव खाल्ला, पण दार उघडायची वेळ आली तेव्हा उंबऱ्यावर उभं राहण्याचं बळ फार थोड्यांत उरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती कायम झाकलेलीच राहिली तर आत काय आहे हे मुठीच्या मालकालाही कळत नाही. त्यानंतर दादोबांचेच भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं १८६७ च्या मार्चमध्ये प्रार्थना समाज निघाला. तो उघड होता आणि तो टिकला.

म्हणजे गुप्तता चांगली की वाईट, असं एका वाक्यात सांगता येत नाही. काय झाकलंय आणि कुणापासून झाकलंय, हे दरवेळी वेगळं विचारावं लागतं.

माझ्या आजीनं एका गुरूंकडून अनुग्रह घेतला होता. कानात मिळालेला मंत्र तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितला नाही, आजोबांनाही नाही. पण आजोबांना याचं कधी वाईट वाटलं नाही. कारण तिचे गुरू कोण, ती गुरुवारी कुठे जाते, कितीला परत येते, दक्षिणा किती दिली, हे सगळं त्यांना माहीत होतं. कित्येकदा तेच तिला सायकलवरून सोडायला जात. मंत्र तिचा होता, पण गुरुवार घराचा होता.

ताई, माझ्या मते तुमच्या बाबांचं नेमकं इथे चुकलं. मी हे त्यांचा अनादर करण्यासाठी लिहीत नाही. लॉजनं त्यांना हे लपवायला सांगितलेलं नव्हतं. मेसनला एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि विधीतले काही शब्द सांगायची मनाई असते. दुसऱ्या सभासदाचं नाव त्याला न विचारता सांगू नये असाही संकेत आहे. पण "मी स्वतः मेसन आहे, अमुक ठिकाणी, अमुक वारी जातो, वर्षाला इतकी वर्गणी भरतो" हे बायकोला सांगायला कुठलीच आडकाठी नाही. कित्येक लॉज वर्षातून एकदा घरच्यांना जेवायला बोलावतात. शपथ द्यायच्या आधी नवख्याला सांगितलंही जातं की या शपथेत तुझ्या नागरी, नैतिक वा धार्मिक कर्तव्यांच्या आड येणारं काही नाही. आणि आपल्या धर्मकर्तव्यात लग्नाच्या दिवशी म्हटलेलं "नातिचरामि" येतंच की. ती शपथ आधीची होती. एकतीस वर्षांचं मौन हे लॉजचं नव्हतं, बाबांचं होतं.

ते का गप्प राहिले असतील, याचा अंदाज मी बांधणार नाही. तुम्हीही बांधू नका, निदान लगेच नको. गेलेल्या माणसाच्या तोंडी कारणं घालणं फार सोपं असतं, आणि मग तीच खरी वाटू लागतात. आईंना "बाबांना शपथ होती ना, ते तरी काय करणार" असं सांगून समजावू नका. ते खरं नाही, आणि आईंना ते कळेल. "बाबांनी तुला सांगायला हवं होतं" एवढं वाक्य तुमच्या तोंडून त्यांना ऐकायला मिळायला हवं. तीन महिने त्या तेच वाक्य शोधताहेत, असं मला पत्रावरून वाटलं.

एक गोष्ट मात्र आईंशी बोलताना धरून ठेवा. कोट त्यांनी इस्त्री केला, हे बाबांना माहीत होतं. त्या सभेत प्रत्येक जण दुसऱ्याचे कपडे, मोजे, चालणं निरखत असतो. तिथे ते नीटनेटके उभे राहत ते आईंच्या हातामुळे.

आता पुस्तकाचं. ताई, खुशाल वाचा, त्यात पाप नाही. ती टिंबं म्हणजे बाबांची सांकेतिक भाषा नव्हे. विधी पाठ करायचा असतो, म्हणून आठवण द्यायला अशी पहिल्या अक्षरांची पुस्तकं छापतात. आणि त्यातलं बरंचसं जगजाहीर आहे. लंडनमध्ये १७३० सालीच एका माणसानं सगळे विधी छापून विकले होते. तेव्हापासून हे "गुपित" बाजारात आहे, आणि तरी मेसन लोक ते पाळतात. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, महत्त्व गुपिताला कमी आहे आणि ते पाळण्याला जास्त. तिसऱ्या पायरीला एक नाट्य असतं. सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम याला तीन कामगार गाठतात, गुपित सांग म्हणतात, तो सांगत नाही आणि त्यात त्याचा जीव जातो. दिलेला शब्द राखावा, हा त्याचा अर्थ. पूर्वी शपथेत गळा चिरण्यासारख्या शिक्षांची भाषाही होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं १९८६ साली ती शपथेतून काढून टाकायचं ठरवलं. तुमच्या हातातलं पुस्तक जुनं असेल आणि तसं काही वाचनात आलं, तर घाबरू नका. ती नाटकातली भाषा आहे. आणि एवढं लक्षात असू द्या की त्या पुस्तकात तुम्हाला एक विधी सापडेल, बाबा सापडतील असं नाही. तुम्ही शोधताय ते बाबांना.

"म. – ३०००" बद्दल मी सगळ्यात जास्त विचार केला.

तुमच्या मनात दोन शक्यता आल्या आहेत. एक तुम्ही लिहिलीत, दुसरी लिहिली नाहीत. मीही दोन्ही उघड्या ठेवते. रिकाम्या खिशाचा तो प्रसंग बघता, कुणाच्या तरी शिक्षणाला किंवा औषधपाण्याला हे पैसे जात असतील असं वाटणं साहजिक आहे. लॉजमध्ये आजारी सभासद, त्यांच्या विधवा, मुलं यांची विचारपूस करायला एक खास पदाधिकारी असतो, आणि गुप्तदान आपल्याकडेही मोठं मानतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं आपण म्हणतोच. पण मेसन होते म्हणून दानच असणार, असं मी म्हणणार नाही. माणूस एका जागी ओळंब्यात आणि दुसऱ्या जागी कललेला असू शकतो. तेव्हा अंदाज नको, चौकशी करा.

ती अशी. आधी बाबांचं पासबुक आणि खात्याचे उतारे काढा. कायदेशीर वारस म्हणून तो तुमचा आणि आईंचा हक्क आहे, कुणाचीही शपथ त्याच्या आड येत नाही. चेकनं किंवा खात्यातून गेले असतील तर नाव तिथेच मिळेल. रोख दिले असतील तर त्या दोन गृहस्थांना सरळ विचारा. ते "मदत होती, पण घेणाऱ्याचं नाव सांगता येणार नाही" म्हणाले, तर तेवढं पुरे मानावं असं मला वाटतं. घेणाऱ्याचीही अब्रू असते. पण "आम्हाला काही माहीत नाही" किंवा "विचारू नका" हे उत्तर चालणार नाही. घरच्या पैशाचं कारण घराला कळलंच पाहिजे.

आणि हे लवकर करा, ताई. ती खरंच मदत असेल, तर तीन महिन्यांपूर्वी ती अचानक थांबली आहे. "म." नावाचं कुणीतरी कुठेतरी वाट बघत असेल, आणि त्याला कदाचित बाबा गेल्याचंही माहीत नसेल.

आईंना सांगायचं का? सांगायचं. नाहीतर बाबांच्या बॅगेची किल्ली आता तुमच्याकडे आली, एवढंच होईल. पण शंका म्हणून त्यांच्या पुढ्यात टाकू नका. "बाबांच्या डायरीत ही नोंद आहे, मला अर्थ लागत नाही, आपण दोघी मिळून शोधू" असं म्हणा. उतारे काढायला बँकेत जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या.

आता नातवाबद्दल. "आजोबांच्या जागी ये" हे वाक्य मला आवडलं नाही. ते प्रेमानं म्हटलं असेल, पण अशा संस्थेत वारसा चालत नाही. आपल्या इच्छेनं, आपण होऊन मागून यावं, हाच त्यांचा मूळ नियम. दुःखातल्या घरातल्या चोवीस वर्षांच्या मुलाला असं म्हणणं म्हणजे आजोबांच्या आठवणीचं ओझं त्याच्या निर्णयावर ठेवणं. तेव्हा वर्षभर थांब, असं त्याला सांगा. चांगली जागा वर्षभरानंही तिथेच असते. आणि घाई करणारी संस्था कुठलीही असो, मेसन, सत्संग, गुंतवणुकीचा ग्रुप, ती घाई हेच नको म्हणायला पुरेसं कारण.

त्या वर्षात त्यानं वाचावं, आणि दोन्ही बाजूंचं वाचावं. मुंबईच्या माणेकजी करसेटजींची कथा त्यानं जरूर वाचावी. हे पारशी गृहस्थ मेसन व्हायला निघाले तेव्हा मुंबईच्या गोऱ्यांच्या लॉजनं त्यांना घेतलं नाही. सगळे एका पातळीवर असं सांगणाऱ्या पाणसळीखाली हे घडलं. ते पॅरिसला गेले, तिथे मेसन झाले, परत आले, तरी इथलं दार उघडेना. शेवटी जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं १८४३ च्या डिसेंबरमध्ये भारतीयांसाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज काढली आणि माणेकजी तिचे चिटणीस झाले. बंगालमध्ये तर हिंदू माणसाला आत यायला १८७२ साल उजाडावं लागलं, प्रसन्नकुमार दत्त यांना त्यासाठी अनेक वर्षं भांडावं लागलं. म्हणजे सद्गुण भिंतीवर लिहिलेले असले म्हणून आतली माणसं तशी वागतातच असं नाही. आणि कुणीतरी बाहेर उभं राहून दार ठोठावत राहिलं की ती बदलू शकतात, हेही खरं. याच माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्लिश इन्स्टिट्यूशन काढलं. त्यांच्या लॉजमध्ये बायकांना प्रवेश नव्हता. आजही ग्रँड लॉजच्या शाखांमध्ये नाही. ॲनी बेझंट यांनी स्त्रीपुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा गेल्या शतकाच्या आरंभी भारतात आणली, पण तिला जुन्या ग्रँड लॉज मान्यता देत नाहीत. तुमच्या मुलानं यावर स्वतःचं मत बनवावं. एका आईचा मुलगा आणि एका आजीचा नातू म्हणून बनवावं.

आणि इटलीतल्या पी-टू नावाच्या लॉजचं प्रकरणही वाचावं. १९८१ साली तिचा प्रमुख लिचो जेल्ली याच्याकडे पोलिसांना सभासदांच्या ९६२ नावांची यादी सापडली. तीत मंत्री होते, लष्करी अधिकारी होते, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख होते. तिथल्या मुख्य मेसन संस्थेनं या लॉजला आधीच निलंबित केलं होतं, पण ती आतून चालूच होती. सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी अशा गुप्त मंडळांवर बंदीचा कायदा आला. हिरामचं गुपित आणि जेल्लीची यादी यांत फरक काय, एवढा एक प्रश्न त्याला विचारा आणि त्याचं उत्तर शांतपणे ऐका. पहिल्यात गप्प राहणाऱ्याचं नुकसान होतं, दुसऱ्यात बाहेरच्या सगळ्यांचं. हे त्याला आपलं आपण सुचलं, तर तो कुठल्याही दारातून आत जायला लायक आहे.

वर्षानंतरही त्याला जावंसं वाटलं तर त्यानं त्या मंडळींना चार गोष्टी उघड विचाराव्यात: वर्षाला पैसे किती, महिन्याला संध्याकाळी किती, सोडून जायचं झालं तर कसं, आणि घरी काय सांगता येतं. उत्तरं सरळ आली तर आपण अडवू नये. आणि पहिल्या बैठकीला जायच्या आधी त्यानं घरी सांगून जावं, आजीला वाकून नमस्कार करून जावं.

तुमच्यासारखीच, पण नवरा हयात असलेल्या काही बायका हे वाचत असतील. आणि कदाचित काही बंधूही, ज्यांच्या घरी अशी बॅग कपाटावर आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज रात्री जेवताना सांगून टाका. विधी सांगू नका, तो तुमचा. पण कुठे जाता, कधी जाता, काय भरता, कुणाला मदत करता, तुमच्यामागे कुणाला फोन करायचा, आणि बॅगेची किल्ली कुठे असते, एवढं सांगा. सांगणं जमत नसेल तर एका कागदावर लिहून बायकोच्या हातात द्या.

उरली बॅग. ॲप्रन आणि मोजे सहसा सभासदाचे स्वतःचे असतात. पण आत एखादी कॉलर किंवा पदाचं पदक असेल तर ते लॉजचं असू शकतं, विचारून परत करा. बाकीच्याचं काय करायचं हे आईंना ठरवू द्या. ठेवायचं, द्यायचं की ट्रंकेच्या तळाशी घालायचं, त्यात तुमचा किंवा माझा सल्ला नको.

त्या दोन गृहस्थांना मात्र फोन करा. एका रविवारी संध्याकाळी घरी बोलवा. त्यांना सांगा की आम्हाला तुमच्या खुणा आणि शब्द नकोत, पण आमचा माणूस तिथे कसा होता ते सांगा. कुठल्या खुर्चीवर बसायचे, पाठ केलेलं म्हणताना कुठे अडखळायचे, कुणाशी त्यांचं जमायचं, हसायचे का. हे सांगायला कुठलीही शपथ आड येत नाही. आणि ते आले की चहा तुम्ही करा. आईंना आत पाठवू नका, त्यांना समोर बसवा.